पावसाळी हिवाळा, बंद घर आणि दोन लहान मुलं

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि मुलगा दीड वर्षाचा. आमच्याकडे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाऊस असतो. शनिवार-रविवार घरातच जातात. घरात करायचे खेळ मी आठवडाभर शोधून ठेवते, शनिवारी सकाळी तासभर खपून काहीतरी मांडते आणि मुलगी पाच मिनिटांत उठून जाते. अकरा वाजेपर्यंत सोफ्यावरून उड्या, धाकट्याशी मारामारी आणि खालच्या मजल्यावरून तक्रार असं सगळं होऊन गेलेलं असतं. शेवटी मी टॅबलेट हातात देते, तो काढून घेताना रडारड होते. चारनंतर अंधारून येतं तेव्हा तर माझाच धीर सुटतो. आणखी कोणते खेळ द्यावेत?

उत्तर : आणखी खेळ नकोत. तुमच्याकडे आहेत तेवढे पुरेसे आहेत, कदाचित जास्तच आहेत. बदलायचा आहे तो त्यांचा क्रम. तुम्ही सकाळी पहिल्यांदा मांडता ते बसून करायचं काम असतं, आणि रात्रभर झोपून उठलेल्या साडेतीन वर्षांच्या शरीराला त्या वेळी बसायचंच नसतं. पाच मिनिटांत उठून सोफ्यावर चढणारी मुलगी तुमच्या खेळाला कंटाळलेली नाही. तिला जे आधी हवं होतं ते ती स्वतःच मिळवते आहे. म्हणून आधी अंगमेहनत, मग बाहेर, मग हाताचं काम आणि अंधार पडल्यावर पाणी. शनिवार-रविवारचा हा सांगाडा एकदा बसला की त्यात काय भरायचं हा प्रश्न निम्मा होतो.

अंगमेहनत किती लागते? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 3 ते 4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि त्यातली किमान 60 मिनिटं धाप लागेल अशी हवी. एक-दोन वर्षांच्या मुलांसाठीही 180 मिनिटंच सांगितली आहेत, फक्त जोराच्या हालचालीची वेगळी अट नाही. ही वेळ एका दमात भरायची नाही. सकाळी 30-40 मिनिटं, बाहेर तासभर आणि उरलेली घरातल्या इकडून तिकडे करण्यात भरून निघते. पण सकाळचा वाटा चुकला की अकरा वाजता तुम्ही लिहिलंय तेच घडतं.

खालच्या मजल्याचा विचार करता उड्या टाळायच्या असतील तर ढकलणं, ओढणं, उचलणं, सरपटणं आणि लोळणं यांवर भर द्या. यांत आवाज जवळजवळ होत नाही, आणि स्नायूंना जोर लावावा लागल्यामुळे मुलं उड्यांपेक्षा या कामांनी लवकर शांत होतात. कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत तीन-चार किलो पुस्तकं भरा, खाली जुना टॉवेल घाला म्हणजे टोपली फरशीवर सरकेल, आणि ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायला सांगा. तिकडे पुस्तकं उतरवायची, परत भरायची, परत आणायची. मधे दोन खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा करा, त्यातून पोटावर सरपटत जायचं. बोगद्यापुढे गादी, तिच्यावर कोलांटी नाही, आडवं लोळत जायचं. शेवटी फरशीवर कागदी चिकटपट्टीची नागमोडी रेघ, तिच्यावरून आधी सरळ आणि मग उलटं चालायचं. ही पट्टी त्याच संध्याकाळी काढा. दोन-तीन दिवस राहिली की गोंद फरशीला धरतो, आणि पॉलिश केलेल्या लाकडावर तर ती लावूच नका.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, मोजे. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी पाय सटकतो, म्हणून अनवाणी खेळू द्या. थंडी असेल तर तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घाला. दुसरी, तीन फेऱ्यांनंतर मुलगी थांबते आणि आपल्याला वाटतं खेळ संपला. तो संपलेला नसतो, तिला तो पाठ झालेला असतो. त्या वेळी ‘आता बोगदा कुठे हलवूया?’ एवढंच विचारा. मार्ग स्वतः मांडायला मिळाला की तोच खेळ आणखी 20 मिनिटं चालतो. धाकट्याला वेगळं काही मांडायची गरज नाही, त्याला टोपली ढकलायला आणि बोगद्यात शिरायला मिळालं की झालं. मात्र खेळ सुरू करण्यापूर्वी खोलीभर एकदा नजर फिरवा. पुस्तकांची मांडणी, कपाट, टीव्ही हे भिंतीला पक्कं बांधलेलं आहे ना? खिडकीखाली चढण्यासारखी खुर्ची किंवा खोका नाही ना? नेहमी शांत बसणाऱ्या मुलापेक्षा चढायच्या मूडमध्ये असलेलं मूल या दोन जागा फार लवकर शोधतं.

आता बाहेर. पाऊस पडत असताना बाहेर न्यायचं म्हटलं की बहुतेक घरांत पहिला आक्षेप सर्दीचा येतो. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ते बंद खोलीत, माणसांच्या गर्दीत जास्त सहज पसरतात. मुलाला कुडकुडत ठेवायचं नाही हे खरं, पण त्यावर उपाय कपड्यांचा आहे, घरात कोंडण्याचा नाही. शिवाय प्रश्न उजेडाचाही आहे. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेरचा उजेड सहसा 1000 लक्सच्या वर असतो, दिवे लावलेल्या खोलीत तो 100 ते 300 च्या आसपास भरतो. दिवसा डोळ्यांना खरा उजेड मिळाला तर शरीराचं घड्याळ जागेवर राहतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते. दिवसभर घरात राहिलेली मुलं रात्री उशिरापर्यंत टक्क जागी राहतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

कपडे असे. अंगाला लागून सुती नको. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि ऊब खेचून घेतं. पातळ लोकरीचं किंवा सिंथेटिक कापड आतून, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यांवर पाणी न शिरणारा कोट व विजार. गमबूट पायापेक्षा सेंटिमीटरभर मोठे हवेत, कारण आत जाड मोजा जातो आणि बोटं आवळली गेली की पाय गार पडतो. विजारीचा पाय बुटाच्या बाहेरून सोडा. तो बुटात खोचला तर विजारीवरून ओघळणारं पाणी थेट बुटात जातं आणि दहा मिनिटांत मुलगी ‘घरी चल’ म्हणायला लागते. ही एकच चूक पावसातल्या बहुतेक सहली मोडते. कोटाच्या टोपीला लोंबती नाडी असेल तर ती काढून टाका, घसरगुंडीवर किंवा कुंपणाला ती अडकू शकते. हातमोज्यांची दुसरी जोडी खिशात ठेवा, पहिली हमखास भिजते.

मुलगी पळत असेल तर 40 मिनिटं ते तासभर सहज जातो. धाकटा कडेवर किंवा गाडीत बसून असेल तर तो हलत नाही, त्यामुळे त्याला फार आधी थंडी वाजते. त्याचे हात नेहमीच गार लागतात, त्यावरून अंदाज बांधू नका. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घालून बघा. तिथे गार लागलं की परत फिरायचं. विजा चमकत असतील किंवा सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी बाहेर जायचं नाही.

आणि बाहेर जाऊन करायचं काय? ‘चल फिरायला’ याने या वयात काही सुरू होत नाही. काम द्या. एक छोटी बादली आणि एक जुनी गाळणी न्या, डबक्यातलं पाणी गाळायचं. पाणी कुठून कुठे वाहतंय ते शोधून त्यावर काड्या सोडायच्या, कोणाची काडी आधी पोचते ते बघायचं. दगडांचा बांध घालायचा आणि फोडायचा. डबक्याची खोली काठीने मोजायची. ते तुम्ही आधी मोजा आणि घोट्याच्या वर पाणी असेल तर ते डबकं बाद. वाहतं नाल्याचं पाणी आणि झाकण नसलेली गटारं यांपासून लांबच राहा.

घरात परत शिरण्याची तयारी निघण्याआधी करून जा, कारण परतल्यावर दोन ओली मुलं हाताशी असताना काही सुचत नाही. दाराशी जुना टॉवेल आणि रिकामा टब, कोरड्या कपड्यांची जोडी हाताला येईल अशी. ओलं सगळं टबात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, तासाभराने बदला, दुसऱ्या दिवशीपर्यंत बूट कोरडे होतात. हीटरला टेकवून वाळवू नका, रबर तडकतं.

भरपूर हालचाल झाली, जेवण झालं, धाकटा झोपला, की तुमच्या त्या मांडून ठेवलेल्या कामाची वेळ येते. तेव्हा मुलगी बसेल. यासाठी सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे शिजवलेली खेळायची कणीक. एकाच वाटीने मोजायचं : 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, 2 वाट्या पाणी. शिवाय 2 मोठे चमचे तेल, 2 मोठे चमचे लिंबाचा रस आणि खाण्याचा रंग. रंग पाण्यात मिसळून घ्या, म्हणजे नंतर हात रंगत नाहीत. सगळं पातेल्यात गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि मग मध्यम आचेवर ठेवून सतत हलवत राहा. आधी काहीच होत नाही, मग तळाशी घट्ट व्हायला लागतं आणि चार-पाच मिनिटांत सगळा गोळा कडा सोडून चमच्याभोवती जमतो. लगेच उतरवा. दहा मिनिटं निवू द्या, मग तीन-चार मिनिटं मळा. मळायचं काम मुलीला द्या, पण आत अजून गरम नाही ना ते गोळा फोडून बघून मगच.

चिकट झाली तर ती कमी शिजली आहे, परत मिनिटभर आचेवर ठेवा. वरून मैदा ओतत बसलात तर ती नंतर तडे जाणारी होते. भुगा पडत असेल तर जास्त शिजली आहे, हात ओले करून मळा. दुसऱ्या दिवशी घाम सुटल्यासारखी ओली दिसली तर ती गरम असतानाच डब्यात भरली गेली होती. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की दोन-तीन आठवडे चांगली राहते. वास आला किंवा ठिपका दिसला की टाकून द्यायची.

न शिजवता नुसतं पीठ, मीठ, पाणी कालवून देणं सोपं वाटतं, पण कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात आणि लहान मुलांचे हात सतत तोंडात असतात. मिठाचा मुद्दा त्याहून मोठा आहे. एवढं मीठ असलेल्या कणकेचे मोठे गोळे गिळले गेले तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं, मुलाचंही आणि घरात कुत्रा असेल तर त्याचंही. साडेतीन वर्षांची मुलगी एकदा चाटून तोंड वाकडं करेल आणि सोडून देईल. दीड वर्षाच्या मुलाचं तसं सांगता येत नाही, म्हणून ही कणीक तो झोपलेला असतानाच काढा आणि जमिनीवरचे तुकडे उचलूनच त्याला उठवा. कणकेबरोबर साचे वगैरे नकोत. लाटण्याचा एक तुकडा, बोथट सुरी, काटा आणि लसूण ठेचायचा दाबयंत्र-चिमटा पुरे. दाबल्यावर बारीक शेवया निघताना मुलं जितका वेळ बघत राहतात तितका वेळ साच्यातली फुलं बघत नाहीत.

दोघं जागी असताना लहान वस्तूंचा नियम एकच. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागता कामा नये. मणी, गोट्या, बटणं, डाळी-कडधान्यं सगळं त्यात आलं. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, छोटी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी ही तर घरातच नकोत. बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांच्या आत भाजायला लागू शकते, आणि फुगणारे मणी आतड्यात फुगून वाट अडवतात.

खोक्याबद्दल थोडक्यात. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका मिळवून ठेवा आणि त्याचं काय करायचं हे ठरवू नका. दार कापायचं असेल तर ते कुठे हवं ते मुलीला खडूने आखू द्या, कापायचं काम तुमचं. चादरीचा तंबू करणार असाल तर खुर्च्यांच्या बैठकीवर जाड पुस्तकं ठेवा, नाहीतर चादर ओढली की हलकी खुर्ची मुलांच्या अंगावर येते. आत दिवा नको, बॅटरीचा टॉर्च चालेल. हीटरपासून किमान एक मीटर अंतर.

खेळण्यांचं म्हणाल तर दोन तृतीयांश उचलून ठेवा. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळण्यांबरोबर सोडून पाहिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. तीन खोके करा, एकच बाहेर ठेवा, शुक्रवारी रात्री मुलं झोपल्यावर बदला. शनिवारी सकाळी जुनीच बाहुली नव्यासारखी भेटते. झोपताना जवळ लागणारी वस्तू मात्र कधी उचलू नका.

तुम्ही स्वतः किती खेळायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात जो थकवा दिसतो त्याचं मूळ तिथे आहे असं वाटतं. दिवसभर अर्धं लक्ष देण्यापेक्षा सुरुवातीची 15 मिनिटं पूर्ण द्या : फोन दुसऱ्या खोलीत, तुम्ही जमिनीवर आणि खेळ ती सांगेल तो. मग ‘मी आता भांडी घासते, तू चालू ठेव’ असं सांगून उठा आणि त्याच खोलीच्या आसपास राहा. न सांगता हळूच सटकलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सोडायलाच तयार होणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती पाच मिनिटांत मागे येईल. परत बसू नका, तिला तुमच्या कामातला तुकडा द्या : मोज्यांच्या जोड्या लावायच्या, प्लॅस्टिकचे डबे आणि झाकणं जुळवायची. ‘मला कंटाळा आलाय’ म्हणाली तर लगेच काही सुचवू नका. दहा मिनिटं भुणभुण सोसली की बहुतेक वेळा तिचं तिलाच काहीतरी सापडतं.

टॅबलेट पूर्ण बंद करायला आम्ही सांगणार नाही. वर उल्लेख केलेल्या सूचनांत 3-4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही जितका कमी तितका चांगला असं आहे. दीड वर्षाच्या मुलासाठी पडदा नकोच. तुमच्याकडे तो भांडणाच्या शेवटी येतो, त्यामुळे मुलीला कळलंय की भांडण झालं की टॅबलेट मिळतो. त्याला ठरलेली वेळ द्या, उदाहरणार्थ तुम्ही स्वयंपाक करता तेव्हाचा अर्धा तास, धाकटा तुमच्याजवळ. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. वेळेवर नाही, भाग संपल्यावर थांबवा, कारण गोष्ट अर्धवट तुटली की रडू येणारच. आणि बंद करताना पुढची वस्तू हातात तयार असू द्या.

ती पुढची वस्तू म्हणजे टॉर्च. चार वाजता अंधारून येतं ते इथे कामाला येतं. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च स्टुलावर ठेवा, भिंतीवर हातांच्या सावल्या. हात टॉर्चजवळ नेला की सावली राक्षसाएवढी होते, भिंतीजवळ नेला की लहान आणि रेखीव. हे तिला सांगू नका, सापडू द्या. धाकटा सावली पकडायला धावेल, तोही व्यायामच.

मग पाणी. संध्याकाळची आंघोळ साडेपाचलाच घ्या आणि ती तासभर चालू द्या. कोमट पाणी, वाट्या, नरसाळं, गाळणी, आणि तळाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बाटली : झाकण लावलं की धार थांबते, उघडलं की सुरू होते. थोडं खेळणं आणि भरपूर ओतणं. किरकिरी मुलं पाण्यात निवतात हा बहुतेक घरांचा अनुभव आहे. पण टबाशेजारून क्षणभरही उठायचं नाही. लहान मूल चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. फोन वाजला, दार वाजलं तर वाजू द्या. साडेतीन वर्षांच्या बहिणीवर धाकट्याला सोपवू नका. आंघोळ झाली की टब त्याच वेळी रिकामा करायचा.

येत्या शुक्रवारी रात्री एक सरळ कडांची, सपाट तळाची काचेची बरणी बाहेर ठेवा. भिंतीपासून आणि झाडापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याने पडू नये म्हणून चहूबाजूंनी दगड लावून. निमुळत्या तळाची बाटली घेऊ नका, तिच्यात मोजमाप चुकतं. शनिवारी आणि रविवारी सकाळी कोट-बूट चढवून मुलीने बरणी आणायची, पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आलं ते तुम्ही वाचायचं आणि तिने कागदावर तेवढी उंच निळी रेघ ओढायची. मग पाणी ओतून बरणी परत जागेवर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. 12 मिलिमीटर भरलं तर फरशीवर मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन चिकटपट्टीने आखा आणि लिटरच्या 12 बाटल्या भरून त्यात उभ्या करायला सांगा. त्या बाटल्या एकेक करून स्वयंपाकघरातून उचलून आणणं ही सकाळची अंगमेहनतच आहे.